वारा कापणाऱ्याचं काय?

मंडळी, पोस्ट लांब आहे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा दोन दिवस बसून लिहिली. सवडीने वाचा. विषय सायकलचा आहे आणि आपल्या तालुक्यातल्या पोरापोरींचा आहे.

यंदाच्या जानेवारीत 'पुणे ग्रँड टूर' झाली, बातम्यांत पाहिलं असेल. १९ ते २३ तारीख, पाच दिवस, ४३७ किलोमीटर. यूसीआय या जागतिक संघटनेच्या कॅलेंडरवरची शर्यत आणि देशोदेशीचे संघ. माझ्या दुकानात पंक्चर बघायच्या टबाला मोबाईल टेकवून तीन-चार पोरं डोळे फाडून बघत होती. त्यातल्या सातवीतल्या एकाने विचारलं, "काका, तो पुढचा येडा आहे का? सगळे त्याच्या मागे आरामात चाललेत, हा एकटाच मरतोय."

ह्या पोराने एका वाक्यात अख्खा खेळ पकडला होता. त्याला मी जे सांगितलं तेच आधी तुम्हाला सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटरने सायकल पळवायची तर तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवलं की साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. मालेगाव रोडला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे सायकल लावून आपण सगळ्यांनी हे लहानपणी केलंय (पोरांनो, तुम्ही करू नका). शर्यतीत संघातले चार-पाच जण आळीपाळीने पुढे राहून वारा कापतात, पाण्याच्या बाटल्या मागून आणून देतात, पंक्चर झालं तर स्वतःचं चाक काढून देतात. आणि ज्याला शेवटच्या घाटात किंवा शेवटच्या दोनशे मीटरला पळायचंय त्याला ताजा ठेवतात. मग तो जिंकतो, फोटो त्याचा येतो. वारा कापणारा दहा मिनिटांनी मान खाली घालून पोचतो.

फ्रेंच लोक अशा गड्याला 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे घरगडी, नोकर. १९११ च्या टूर द फ्रान्समध्ये मॉरिस ब्रोको नावाच्या सायकलपटूने दुसऱ्याला मदत केली, म्हणून स्पर्धेचे संचालक आंरी देग्रांज यांनी त्याला हिणवायला हा शब्द वापरला. शिवी होती ती. आज तोच शब्द एका मानाच्या कामाचं नाव आहे आणि त्या कामाला पगार आहे. टूर द फ्रान्सच्या विजेत्याला पाच लाख युरो मिळतात, पण रिवाज असा की तो ते बक्षीस संघातल्या साथीदारांत आणि मेकॅनिक, मालिशवाल्यांत वाटून टाकतो. त्यांचं त्यांना ठाऊक असतं, एकट्याने हे झालेलं नाही.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे पहिला आला की शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स, आणि आमदारांपासून पतसंस्थेच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांचे फोटो त्याच्या फोटोपेक्षा मोठे. दुसऱ्या-तिसऱ्याचं नावही कुणाला आठवत नाही. आणि ज्याने वारा कापला तो तर शर्यतीत होता हेच कुणाच्या गावी नसतं.

असं मी स्वतः केलंय, म्हणून लिहितोय. काही वर्षांपूर्वी मी आणि दोन शिक्षक मित्रांनी मिळून पहाटेची एक टोळी चालू केली. सहा पोरं, एक पोरगी. रोज पहाटे सव्वापाचला निघायचं, ठेंगोड्यावरून देवळा आणि परत. रविवारी ताहाराबाद करून शेलबारीचा घाट. सायकली म्हणजे काय, दोन जुन्या रेसिंग, माझ्या दुकानात आउट काढून, फ्रीव्हील बदलून उभ्या केलेल्या. बाकी साध्या गिअरच्या. त्यात एक पोरगा होता, अंगाने भरलेला, घाटात मागे पडायचा. पण देवळा रस्त्याला समोरून वारा असला की हा पुढे, आणि बाकीचे त्याच्या सावलीत. कधी कुरकुर नाही. एका निवड चाचणीत त्याने आमच्या दुसऱ्या हलक्या पोराला शेवटपर्यंत ओढून नेलं. हलका पोरगा निवडला गेला. आम्ही त्याचा सत्कार केला. मी स्वतः भाषण केलं. आणि त्या भाषणात ओढणाऱ्याचं नाव घ्यायला विसरलो.

त्याने तोंडावर काही दाखवलं नाही. दोन आठवड्यांनी यायचा बंद झाला. आता तो कांद्याची पिकअप चालवतो, सटाणा ते लासलगाव. चांगलं चाललंय त्याचं. भेटला की हात करतो, थांबत नाही.

त्या पोरीचं पुढे सांगतो. ते सांगायला मला जास्त जड जातं.

आधी नाशिकबद्दल थोडं, कारण लगेच कुणीतरी म्हणेल की नाशिक तर सायकलिंगची राजधानी आहे, तुम्ही कसलं रडता. खरं आहे. २०१५ मध्ये हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, साधारण ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. भारतातून हे पहिल्यांदाच घडलं. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. ते करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोचले. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. ह्या माणसांनी हजारो लोकांना सायकलवर बसवलं, त्यांना माझा दंडवत.

पण नावं पुन्हा वाचा. डॉक्टर, डॉक्टर, लष्करी अधिकारी, डॉक्टर. ज्यांचं करिअर आधीच उभं होतं, त्यांनी सायकल हातात घेतली. सायकल हे त्यांचं वेड, पोट दुसरीकडे भरतं. त्यात काही चूक नाही. पण रोड रेसिंग हा वेगळा धंदा आहे. तो चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू करावा लागतो, हातात ना डिग्री ना पगार अशा वयात. साध्या रेसिंग सायकलला तीस-चाळीस हजार लागतात, राष्ट्रीय पातळीवर टिकायचं तर दोन-तीन लाख. टायर, चेन, हेल्मेट, खुराक, प्रवास वेगळा. ज्या घरात उन्हाळ कांद्याची लागवड म्हणजे डिसेंबर-जानेवारीत घरातल्या प्रत्येक हाताला रोज, त्या घरातलं पोर पहाटे दोन तास सायकल चालवून नंतर झोपणार कसं? आणि झोपल्याशिवाय ताकद येत नाही, हेही प्रशिक्षणाचंच कलम आहे.

आपल्या भागात दम नाही असं कुणी म्हणू नये. शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघा. दुष्काळी गाव, पाण्यासाठी वणवण, आणि हा माणूस नौकानयनात २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरला रौप्य आणलं. दत्तूला लष्कराने उचललं: बोट दिली, प्रशिक्षक दिला, आणि मुख्य म्हणजे दर महिन्याला पगार दिला. कविताला लहान वयात प्रशिक्षक भेटला, पुढे नोकरी भेटली. दम घरचा होता, पण त्या दमाला कुणीतरी तीन-चार वर्षं जेवू घातलं. सायकलमध्ये आपल्याकडे ते जेवू घालणारं कुणी नाही.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला भंडारा जिल्हा बघा. भाताचा, तलावांचा, लहानसा जिल्हा. मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे ह्या भंडाऱ्याच्या मुली भारतासाठी ट्रॅकवर धावल्या. त्याच जिल्ह्याची ज्योती गडेरिया. अपघातात पाय गेला, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकला पॅरा-सायकलिंगमध्ये भारताकडून उतरली. भारत त्या खेळात पॅरालिंपिकला गेलाच तेव्हा पहिल्यांदा. कोल्हापूरकडची पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण. मी ही यादी बोटं मोजत केली तेव्हा एक गोष्ट जाणवली. महाराष्ट्रातून सायकलिंगमध्ये अलीकडे जी नावं पटकन तोंडावर येतात त्यात मुलीच जास्त आहेत, आणि त्या मोठ्या शहरातल्या नाहीत.

आणि पुण्याची ती मोठी शर्यत? फक्त पुरुषांची होती. पहिलं वर्ष आहे, समजू शकतो. पण ज्या मुलींनी राज्याला पदकं दिली त्यांनी ती रस्त्याच्या कडेला झेंडे हलवत बघावी, हे मला पचलं नाही. टूर द फ्रान्सनेही मुलींची पूर्ण शर्यत नव्याने चालू करायला २०२२ उजाडवलं, आपण तेवढा वेळ लावू नये एवढंच म्हणणं.

आता ती पोरगी.

आरमच्या काठच्या एका गावातली. शाळेसाठी मिळालेली सायकल, पुढे टोपली, मागे कॅरिअर, पायात चप्पल. आमची टोळी जात असताना ती शाळेच्या जादा तासाला जायची, आणि सहज मागे लागायची. पहिल्यांदा वाटलं गंमत करते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, ही पोरगी सुटतच नाही. त्या टोपलीवाल्या वीस किलोच्या धुडावर. मी तिच्या घरी गेलो. आई कांदे निवडत होती. मी काय बोलणार ते ठरवून गेलो होतो, पण मी बोलायच्या आधीच ती माउली म्हणाली, "भाऊ, मनी पोरले बी लई जा ना."

म्हणजे घरच्यांचा विरोध वगैरे काही नव्हता. हे मुद्दाम सांगतोय. आपण नेहमी 'पालक पाठवत नाहीत' म्हणून हात झटकतो.

पाच-सहा महिने ती आली. मी तिला जुनी रेसिंग दिली. सीट तिच्या मापाची नव्हती, हे मला कळायलाच दोन महिने गेले, कारण त्रास होतोय हे ती मला सांगणार कशी आणि मी विचारणार कसा? आमच्यात एकही बाई नव्हती. घाटाच्या पायथ्याला पोरं आडोशाला जायची, ती पाणीच प्यायची नाही, म्हणून तिच्या पिंडऱ्यांत गोळे यायचे. मी तिला म्हणायचो, "पाणी पीत जा गं." काय अक्कल होती माझी.

मग निवड चाचणी आली. गाडीत जागा होती. मीच म्हणालो, एकटी मुलगी, मुक्काम आहे, लोक काय म्हणतील, जबाबदारी कोण घेणार; तू पुढच्या वेळी. ती "बरं काका" म्हणाली. पुढची वेळ आली नाही. बारावी झाली, ती कामाला लागली.

मागच्या महिन्यात स्कूटीचं पंक्चर काढायला दुकानात आली. ट्यूब बाहेर काढेपर्यंत इकडे तिकडे बघत होती. मग विचारलं, "काका, ती लाल सायकल आहे का अजून?" मी म्हणालो, विकली. "बरं," म्हणाली.

ही पोस्ट त्या 'बरं'मुळे लिहितोय.

मला कुणी सांगू नका की 'सगळ्यांना सामावून घ्या' ही शहरी थेरं आहेत, आधी जिंकणारे शोधा. अरे, जिंकणारे असेच हातचे जातात. ज्या तालुक्यात आधीच पोरं थोडी, त्यात अर्ध्या मुलींना वगळायचं, पाड्यावरच्यांना आठवायचंच नाही, जाड्या पोराला घाटात मागे पडतो म्हणून हसायचं, मग संघ कशाचा करायचा? सायकलच्या संघाला सगळ्या अंगाची माणसं लागतात. हलका घाटाला, भारी वाऱ्याला, चपळ शेवटच्या धावेला, डोकेबाज डावपेचाला. आपल्याकडे म्हण आहे ना, गाव करी ते राव न करी. इर्जिक घालून एका दिवसात अख्खं रान नांगरणारे आपण, आणि सायकलच्या शर्यतीला एकटा हिरो शोधतो.

बाहेरच्या जगात हेच उशिरा का होईना कळलंय. शंभर वर्षं हा खेळ गोऱ्या युरोपचा होता. इरिट्रियाच्या बिनियम गिरमायने २०२२ मध्ये जिरो दि'टालियात टप्पा जिंकला आणि २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये तीन टप्पे जिंकून हिरवी जर्सी नेली. इरिट्रियात सायकल गावोगाव आहे, दर आठवड्याला शर्यती होतात, त्यातून तो आला. २०२५ ची जागतिक स्पर्धा तर रवांडात किगालीला झाली. मुलींच्या बाबतीत मोठा फरक पडला तो २०२० पासून, जागतिक दर्जाच्या महिला संघांना किमान पगार बंधनकारक झाला तेव्हा. १५,००० युरोपासून सुरुवात, पुढे वाढत गेला. कौतुकाची भाषणं त्याआधीही होतीच, पगार आल्यावर मुली खेळात टिकायला लागल्या.

आणि एक गोष्ट टाळून चालणार नाही. २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या शिबिरात भारतीय महिला सायकलपटूने राष्ट्रीय प्रशिक्षकाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार केली. संघ परत बोलावला, प्रशिक्षकाचा करार रद्द झाला. त्या मुलीने तोंड उघडलं म्हणून कळलं. राष्ट्रीय पातळीवर, परदेशात, सरकारी खर्चाने गेलेल्या मुलीवर ही वेळ येते, तर तालुक्याच्या पोरीने कुणाकडे जायचं? म्हणून मी 'मुलींनाही घेऊ' एवढ्यावर थांबायला तयार नाही. सोबत बाई हवी म्हणजे हवी. आई असो, शिक्षिका असो, आशाताई असो. ती नसेल तर गाडी निघणार नाही. पोरांचीही नाही. तेव्हाच आम्ही पुरुष मंडळी बाई शोधायला धावपळ करू. नाहीतर 'पुढच्या वेळी' ठरलेलंच आहे.

करिअरबद्दल पालक मला सरळ विचारतात, "यात पोट भरतं का हो?" खरं उत्तर देतो. बहुतेकांचं फक्त सायकल चालवून भरणार नाही. भारतात रस्त्यावरच्या शर्यतीत पगार देणारे म्हणजे मुख्यतः लष्कर आणि रेल्वे. त्यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. आपल्या राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरलेल्या पातळीची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. गल्लीतल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही. फी घेऊन असली सर्टिफिकेटं वाटणाऱ्यांपासून लांब राहा, एवढं सांगून ठेवतो. दहावी-बारावी सोडायची नाही. कुठल्याही प्रशिक्षकाने 'शाळा नंतर बघू' म्हटलं की पोराला घरी आणा.

पण सायकलीभोवती पोट भरायच्या दुसऱ्या वाटा आहेत, त्या कुणी सांगत नाही. चांगला रेसिंग मेकॅनिक नाशिक-पुण्यात शोधून सापडत नाही. सायकल मापाला बसवून देणारा, संघाची गाडी चालवणारा, मालिश करणारा, पंच, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेला प्रशिक्षक. पुण्यासारख्या शर्यती दरवर्षी व्हायला लागल्या तर ही माणसं लागणारच. माझ्या टोळीतल्या प्रत्येक पोरापोरीला मी आता आउट काढायला, हायड्रॉलिक ब्रेक बसवायला शिकवणार. शर्यत हरला तरी हातात हुन्नर राहील.

आता मला काय हवंय ते बोलतो. बागलाणचा एक छोटा संघ. आठ जण, त्यात चार मुली, निदान दोघं-तिघं पाड्यांवरची. एखादं अपंग पोर सायकलचं वेड घेऊन आलं तर त्याच्यासाठी नववी जागा. ज्योती गडेरिया भंडाऱ्यात होऊ शकते तर इथेही होईल. सायकली कुणाच्या मालकीच्या नकोत, संघाच्या. ज्याने सोडलं त्याची सायकल पुढच्याला. बक्षीस मिळालं तर सगळ्यांत सारखं वाटायचं, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम, आणि तो पालकांच्या समोर वाचून दाखवायचा. सत्कार करायचा तर आठही जणांचा, वारा कापणाऱ्याचं नाव आधी. फ्लेक्स नकोच.

खुराकाचा खर्च फार नाही: दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ, केळी. पण लागवडीच्या आणि काढणीच्या दिवसांत ज्या घरचं पोर सरावाला येतं त्या घराला बुडालेल्या रोजाचे पैसे द्यायचे, ह्यावर माझे शिक्षक मित्र अडले. म्हणाले, "पैसे घेऊन खेळायला यायची सवय लागेल." मी म्हटलं, सर, तुम्ही रविवारी सायकल चालवता तेव्हा तुमचा पगार चालूच असतो ना? त्यावर दोघं गप्प बसले. एकाने पहिले पाच हजार दिले, तेही नमूद करतो.

डाळिंबाचे आणि द्राक्षाचे मोठे बागायतदार, डॉक्टर मंडळी, व्यापारी, पतसंस्था, तुमच्यापैकी बरेच जण दर रविवारी चांगल्या चांगल्या सायकलींवर मला दिसतात. तुमच्या ग्रुपची वर्गणी, जर्सी, ते सगळं चालू द्या. जुनी सायकल ओएलएक्सवर टाकायच्या आधी माझ्याकडे आणा, एवढंच म्हणतो. लहान मापाची असेल तर आधी आणा. मुलींच्या मापाची फ्रेम मिळत नाही, सगळ्या सायकली पाच फूट आठ इंचाच्या माणसांसाठी केलेल्या असतात असं वाटतं.

रस्त्याचं बोलल्याशिवाय पोस्ट संपवता येत नाही. विंचूर-प्रकाशा रस्त्याला साईडपट्टी भरा. डांबराची कड जिथे हातभर उंच आहे तिथे सायकल खाली उतरली की पडलीच, आणि मागून कांद्याची गाडी. शर्यत आली की पुणे जिल्ह्यात रस्ते नव्याने होतात. आपल्याकडे शर्यत नाही, पण शाळेला सायकलवर जाणाऱ्या पोरी रोज आहेत. हेल्मेटबद्दल पोरं हसतात त्यांच्यासाठी: आंद्रेई किविलेव हा कझाकस्तानचा व्यावसायिक सायकलपटू २००३ मध्ये शर्यतीत डोक्यावर पडून गेला, त्यानंतर मोठ्या शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं. तो तुमच्यापेक्षा चांगला चालवायचा.

पिकअपवाल्या पोराला मागच्या गुरुवारी मी बाजार समितीच्या फाटकावर गाठलं. गाडी रांगेत होती, पळून जाऊ शकत नव्हता. म्हटलं, त्या वेळी भाषणात तुझं नाव घेतलं नाही, चुकलं माझं. तो म्हणाला, "जाऊ द्या ना काका, कधीचं काढताय." मग रांग पुढे सरकली, त्याने गाडी हातभर पुढे घेतली आणि खिडकीतून विचारलं, "कुणाला शिकवणार आता वारा कापायला?" मी म्हटलं, तुलाच बोलवायला आलोय. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. रविवारी लासलगाव बंद असतं एवढं म्हणाला.

त्या पोरीच्या आईकडेही जाऊन आलो. पोरगी आता सरावाला येणार नाही, तिचं वय आणि काम दोन्ही पुढे गेलंय. पण पहाटे मुलींसोबत स्कूटीवर मागे राहायला कुणीतरी बाई हवी होती, ते मी विचारलं. तिने आठवड्याला दोन दिवस जमेल असं सांगितलं, आणि पेट्रोलचे पैसे आधी ठरवून घेतले. बरोबर केलं.

अजून दोन बायका हव्यात, तीन लहान मापाच्या सायकली हव्यात. येत्या रविवारी पहाटे सव्वापाचला दुकानासमोर निघतोय, ठेंगोड्यापर्यंतच, सावकाश. चप्पल घालून आलात तरी चालेल.